फॉरमॅट न मारता विंडोज ११

आमच्या मामांना ‘फॉरमॅट’ या शब्दाची धास्ती आहे, आणि ती उगाच नाही. सांगलीत ते मराठीचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी लेख, पत्रे, वाचनालयाची इतिवृत्ते असे शेकडो कागद संगणकावर उतरवले, पण ते युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत नव्हे, तर पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेल्या आयएसएम या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधील सुरेख या फाँटमध्ये. अशा फाइलीत साठवलेली असतात ती देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले देवनागरी आकार असतात, आणि फाँट नसेल तर तीच फाइल उघडल्यावर चिन्हांचा आणि तुटक्या रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका दुकानात त्यांच्या मशीनला फॉरमॅट मारला गेला. दुकानदाराने ‘माय डॉक्युमेंट्स’ इमानदारीने कॉपी केले, मात्र विंडोजच्या फोल्डरमधल्या ‘फाँट्स’ या फोल्डरकडे त्याचे लक्ष गेले नाही. पुढे एका डीटीपीवाल्याकडून तो फाँट पेनड्राइव्हवर मिळेपर्यंत मामांचे सगळे लेखन वाचता न येणाऱ्या अवस्थेत पडून होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट्स, संपला, तेव्हा मामांचा फोन आला. “अरे, विंडोज अकरा घालायचं म्हणतात. पण फॉरमॅट मारायचा असेल तर मला नको. आहे तेच चालू दे.” मी म्हटले, “मामा, तुम्ही कशालाही हात लावू नका, मी दिवाळीत येतो आहेच.” पण शेजारच्या एका उत्साही मुलाने तोपर्यंत हात लावला होता, हे मला पुण्याहून तिथे पोहोचल्यावर कळले.

मशीन २०१८ साली घेतलेले, आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ला इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात, त्यामुळे यंत्र पात्र होते. तरीही तपासणीच्या प्रोग्रॅमने टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) नाही आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही असे सांगितले, म्हणून त्या मुलाने व्हिडिओ पाहून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सीएसएम हा पर्याय बंद केला. पुढच्याच वेळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ अशी ओळ आली आणि घरात हार्ड डिस्क गेली अशी बातमी पसरली. दुकानातून नव्या डिस्कचा भावही विचारून झाला होता.

डिस्कला काहीही झालेले नव्हते. सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय, आणि या मशीनवरचे विंडोज १० त्याच जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने, एमबीआर या जुन्या प्रकारची पार्टिशन-मांडणी असलेल्या डिस्कवर टाकलेले होते. यूईएफआय या नव्या पद्धतीला जीपीटी प्रकारची मांडणी लागते. सीएसएम बंद केल्यावर यूईएफआयला त्या डिस्कवर आपल्या ओळखीचे काहीच सापडेना. मी सीएसएम पुन्हा चालू केले आणि विंडोज १० दोन मिनिटांत जसेच्या तसे सुरू झाले. मामांनी डिस्कला दोष देणे थांबवले आणि शेजारच्या मुलाला द्यायला सुरुवात केली. त्याचा बिचाऱ्याचा क्रम तेवढा चुकला होता.

या अडचणीचे मूळ मला फार ओळखीचे आहे. आपल्याकडे मशीन जोडून देणारे दुकानदार वर्षानुवर्षे सवयीने एमबीआर डिस्कवर विंडोज टाकत आणि सी, डी, ई अशी पार्टिशने पाडून देत. ग्राहकालाही ‘सीमध्ये विंडोज, डीमध्ये फोटो’ ही रचना आवडते. यात फॉरमॅट मारला तरी मांडणी तीच राहते, कारण फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा होतो, आणि मग सेटअप सांगतो की निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल असल्यामुळे येथे विंडोज टाकता येणार नाही. म्हणजे फाँट गेले, प्रोग्रॅम गेले आणि अडचण मात्र जागच्या जागी. आपल्या मशीनची स्थिती जाणून घ्यायची असेल तर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायॉस मोड’ या ओळीसमोर लेगसी लिहिले आहे की यूईएफआय, एवढे आधी पाहावे.

विंडोज १०च्या २०१७मधील १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर टू जीपीटी नावाचे एक साधन विंडोजबरोबरच येते. ते डेटा न पुसता मांडणी बदलते. त्याला आधी केवळ तपासणी करायला सांगता येते, आणि ती तपासणी डिस्कवर काहीही लिहीत नाही. मामांच्या डिस्कवर ती तपासणी नापास झाली. विंडोजच्या फोल्डरमध्ये या साधनाचा लॉग, म्हणजे काय काय घडले याची नोंद, तयार होतो. तो उघडला तेव्हा पार्टिशने फार असल्यामुळे ईएफआय पार्टिशनसाठी (यूईएफआयला संगणक सुरू करायला लागणाऱ्या छोट्या भागासाठी) जागा नाही, असे त्यात सरळ लिहिलेले होते. एमबीआरमध्ये मुख्य नोंदी चारच मावतात. पहिली ‘सिस्टिम रिझर्व्हड’, दुसरी सी, तिसरी डी, आणि चौथी नोंद एक्स्टेंडेड पार्टिशनची, ज्याच्या पोटात ई हा लॉजिकल ड्राइव्ह होता. या साधनाला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशने चालतात, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल अजिबात चालत नाही.

ईमधले सगळे, म्हणजे मुख्यतः मामींच्या काशीयात्रेचे फोटो आणि भजनांच्या फाइली, मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केले, आणि फोल्डरांचे आकार दोन्हीकडे जुळवून पाहिल्यावरच पुढे गेलो. त्याच डिस्कवर मामांचे सर्व लेख आणि यावेळी आठवणीने ‘फाँट्स’ फोल्डरही घेतला. मग ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ई ड्राइव्ह काढला. येथे पुष्कळ लोक फसतात, मीही एकदा फसलो आहे: लॉजिकल ड्राइव्ह काढल्यावर त्या जागी हिरवी पट्टी आणि ‘फ्री स्पेस’ असे शब्द दिसतात, आणि माणसाला वाटते की काम झाले. पण हिरवी पट्टी म्हणजे एक्स्टेंडेड पार्टिशनची रिकामी पेटी अजून तिथेच आहे. तिच्यावर पुन्हा राइट क्लिक करून ती पेटीही काढावी लागते. पट्टी काळी झाली आणि ‘अनअॅलोकेटेड’ असे शब्द आले, म्हणजे जागा खरोखर मोकळी झाली. त्यानंतर तपासणी पास झाली आणि प्रत्यक्ष बदलाला मिनिटभरही लागले नाही.

बदल संपताना ते साधन एक सूचना देते की यापुढे फर्मवेअर, म्हणजे बायॉस, यूईएफआयवर नेल्याशिवाय संगणक सुरू होणार नाही. आता, आणि आताच, सीएसएम बंद करायचे. डिलीट की दाबून बायॉसमध्ये गेलो तेव्हा बूटच्या यादीत हार्ड डिस्कच्या नावाशेजारी ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नवी नोंद दिसत होती. ती दिसली की अर्धा जीव भांड्यात पडतो. सीएसएम बंद केले, सिक्युअर बूट चालू केले, आणि इंटेलच्या बोर्डांवर पीटीटी या नावाने असलेला टीपीएमचा पर्याय चालू केला. वेगळी चिप विकत घ्यावी लागते असे मामांना कोणीतरी सांगितले होते; या वयाच्या यंत्रांत टीपीएमची सोय बहुधा प्रोसेसरसोबत असतेच, फक्त बंद ठेवलेली असते.

लॅपटॉपवाल्यांनी इथे एक सावधगिरी घ्यावी. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूपबंद असते, आणि बायॉसमधल्या टीपीएम किंवा सिक्युअर बूटच्या पर्यायांना धक्का लागला की हे कुलूप लावणारा विंडोजचा बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्यावी आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवूनच बायॉस उघडावा. ‘हार्ड डिस्क गेली’ असे वाटायला लावणारा आणखी एक प्रकार अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपांपासून दिसू लागला. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना सेटअपला एकही ड्राइव्ह दिसत नाही. तिथे व्हीएमडी नावाचा डिस्कचा नियंत्रक मध्ये असतो आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून दिला की डिस्क हजर होते. भाचीचा लॅपटॉप त्याच कारणाने दुरुस्तीला जाता जाता वाचला.

मामांकडे अजून एक अडथळा बाकी होता. विंडोज ११ची आयएसओ फाइल (सेटअपचे सगळे सामान एकत्र असलेली फाइल) विंडोज १०मध्येच उघडून, फाइली आणि प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय निवडून, सेटअप सुरू केला. त्या फिरत्या हार्ड डिस्कवर ते काम दोन तास रखडत चालले, दुसऱ्या रीस्टार्टनंतर थांबले आणि मशीन परत विंडोज १०वर आले. पडद्यावर ०एक्ससी१९००१०१ने सुरू होणारा कोड होता. कोड आला की लोक तो शोधतात आणि पहिल्या दहा उत्तरांतले दहाही उपाय ओळीने करतात; हे मला कधीच पटलेले नाही. या कोडचा रोख बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे असतो, पण कोणत्या, ते लॉग सांगतो. सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे एक लपलेले फोल्डर तयार होते, त्यात ‘सोर्सेस’ आणि त्याच्या आत ‘पँथर’. तिथली चुकांची छोटी फाइल आधी वाचावी आणि मोठ्या फाइलीत त्याच वेळेच्या ओळी शोधाव्यात. तिथे एका अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. त्याची वर्गणी संपून तीन वर्षे झाली होती आणि मामांच्या मते तो ‘काढून टाकला’ होता; प्रत्यक्षात फक्त डेस्कटॉपवरचे चिन्ह काढले होते. त्या कंपनीचेच सफाईचे साधन चालवून तो मुळापासून काढला, प्रिंटर आणि जुना वेबकॅम सोडवून ठेवला, आणि रात्री जेवणानंतर सेटअप पुन्हा लावला. यूपीएसची बॅटरी पाचच मिनिटे टिकते हे माहीत असल्याने मी संगणकाची वायर इन्व्हर्टरच्या प्लगला लावली होती. अपडेट चालू असताना वीज जाणे, एवढा एकच प्रकार असा आहे की जिथे लॉगही फारसा कामाला येत नाही.

ज्यांचे प्रोसेसर खरोखरच जुने आहेत, त्यांच्यासाठी विंडोज ११ची पात्रतेची तपासणी चुकवण्याच्या युक्त्या फिरत असतात. माझ्या मशीनवर मी त्या करीन. मामांच्या मशीनवर करणार नाही, कारण पुढच्या मोठ्या अपडेटला काही बिघडले तर ते निस्तरायला मी तिथे नसेन. त्यापेक्षा विंडोज १०ची १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळणारी वाढीव सुरक्षा अपडेट्स नोंदवून घ्यावीत आणि तेवढ्या वेळात नव्या यंत्राचा विचार करावा.

पहाटे पाचला मामा चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसले होते. त्यांनी सर्वांत आधी वाचनालयाच्या जुन्या सभेचे इतिवृत्त उघडले, आणि सुरेखमधली अक्षरे जागच्या जागी होती. दुसरा प्रश्न ई ड्राइव्ह कुठे गेला, हा होता. मोकळ्या जागेवर नवे पार्टिशन करून त्याला ई हेच अक्षर दिले आणि भजने परत नेऊन ठेवली, तेव्हा मामींचे जुने शॉर्टकटही चालू लागले. जुने विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये दहा दिवस टिकते आणि तेवढ्या मुदतीत मागे जाता येते, म्हणून निघताना मी मामांना सांगितले की डिस्क भरली असा निरोप आला तरी काही पुसू नका. नवव्या दिवशी मी फोन केला. प्रिंटर चालतो, भजने वाजतात, मात्र स्टार्टचे बटण मधोमध का आले आहे, असे त्यांनी विचारले. ते डावीकडे कसे न्यायचे, हे मी फोनवरच सांगितले.