बाबा नावाचा रोबो आणि एकतीस टिकल्या

मे महिन्यात माहेरी, वाईला गेले होते. दुसऱ्याच दिवशी वळीव कोसळला आणि लाइट गेली ती दीड दिवस आलीच नाही. घरात तीन पोरं: दादाची थोरली ११ वर्षांची, माझा लेक ९ चा आणि दादाचा धाकटा ७ चा. धाकटा दर दहा मिनिटांनी टीव्हीचं बटण दाबून बघून येत होता.

थोरलीला वेगळीच काळजी. "आत्या, माझा कोडिंगचा क्लास बुडणार आज." काय शिकवतात, विचारलं. "लूप झालं, कंडिशन झालं." लूप म्हणजे काय गं? "स्क्रीनवर तो नारिंगी ठोकळा असतो ना, तो ओढून आणायचा."

मी सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. त्या नारिंगी ठोकळ्याने माझं डोकं जरा गरम झालं, आणि मी बाबांना झोपाळ्यावरून उठवलं.

आमच्या सोप्यात शहाबादी फरशी आहे, चौकोन आखायची गरजच नाही. ठरलं असं: बाबा रोबो. झोपाळ्यापासून माठापर्यंत त्यांना न्यायचं. हुकूम तीनच: पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. पुढे असेल तर किती फरश्या ते लिहायचं. सगळं आधी कागदावर; बाबा चालायला लागले की तोंड बंद. बाबांनी चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, लिहिलेला हुकूम शब्दशः पाळणं त्यांच्या रक्तातच आहे.

पहिली चिठ्ठी माझ्या लेकाची. पुढे ५, डावीकडे वळ, पुढे ३. बाबा पाच फरश्या गेले, डावीकडे वळले आणि माठाकडे पाठ करून थेट भिंतीकडे निघाले. लेक समोर पाटावर बसला होता, त्याने स्वतःची डावी धरली होती. भिंतीशी बाबा थांबले नाहीत. जागच्या जागी पाय आपटत राहिले.

"आजोबा, थांबा ना!"

"थांब असं कुठं लिहिलंय?"

धाकटा हसून गडाबडा लोळला. लेकाने रागाने चिठ्ठी चुरगाळली. मी ती उचलून सरळ केली, कारण मला जे शिकवायचं होतं ते इथेच होतं. चिठ्ठी फाडायची नाही, नवी लिहायची नाही. बोट ठेवायचं: कुठल्या ओळीपर्यंत बरोबर होतं? पोरांना हे अजिबात आवडत नाही. चुकलं की सगळं पुसून पहिल्यापासून, ही त्यांची रीत. (ऑफिसात पंचविशीतल्या पोरांचीही तीच.) तीनदा बाबांना परत झोपाळ्याशी उभं केल्यावर लेक पुटपुटला, "पहिली ओळ बरोबर आहे. दुसरीत आजोबांची डावी पाहिजे, माझी नाही." मग तो उठून बाबांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवून डावं-उजवं तपासू लागला. एका शब्दाची दुरुस्ती झाली. बाबांना माठाचं थंड पाणी मिळालं.

थोरलीच्या पाळीला मी लबाडी केली. चिठ्ठी लिहून झाल्यावर बाबांना दोन फरश्या मागे सरकवलं. तिचे 'पुढे ५' अर्थातच कमी पडले. ती भडकली, मग गप्प बसली, मग लिहिलं: 'भिंत येईपर्यंत पुढे.' आता बाबांना कुठूनही सोडा, ते बरोबर भिंतीशी येऊन वळत होते. चौथ्या फेरीला ती एकदम म्हणाली, "आत्या! हाच तो नारिंगी ठोकळा!" लूप म्हणजे एवढंच: तोच हुकूम, अट पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा.

दुपारी बाबांनी संप केला, म्हणून पत्ते काढले. हा खेळ माझा नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ रचले, त्यातला हा. माझं योगदान फक्त जुन्या लग्नपत्रिका आणि आईच्या टिकल्यांची पाकिटं. पाच पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अनुक्रमे १६, ८, ४, २, १ टिकल्या चिकटवल्या. एकूण एकतीस. उघडी पत्रिका म्हणजे १, पालथी म्हणजे ०. या पाचांत महिन्याची कुठलीही तारीख बसते. थोरलीचा वाढदिवस १३ ला: ८, ४ आणि १ उघड्या, बाकी पालथ्या, म्हणजे ०११०१. धाकट्याला बेरीज नीट येत नव्हती. तो टिकल्याच मोजत होता, आणि तरी त्याचं उत्तर चुकत नव्हतं.

आई आत आंब्यांची आढी बघत होती. तिथूनच म्हणाली, "अगं, हे तर लघु-गुरू."

आई मराठीच्या बाई होत्या. बाहेर आली, खडू घेतला आणि फरशीवर लिहिलं: यमाताराजभानसलगा. लघूला ०, गुरूला १. झालं ०१११०१०००१. मग एकेक अक्षर पुढे सरकत तीन-तीन अक्षरं घ्यायला लावली: यमाता, मातारा, ताराज, राजभा... आठ तुकडे पडले, आठही वेगळे, एकही पुन्हा आला नाही. य, म, त, र, ज, भ, न, स हे आठही गण त्या दहा अक्षरांत. थोरलीने विचारलं, आठच का? तीन जागा, प्रत्येकीला दोन पर्याय: दोन दुणे चार, चार दुणे आठ. मी शाळेत गण घोकले, आठच का हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिकवायला होती आईच.

लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य जुळण्या ओळीने मांडायची रीत पिंगलाच्या छंदःशास्त्र या प्राचीन ग्रंथात आहे, तिला प्रस्तार म्हणतात. म्हणजे कॉम्प्युटर आपल्याकडेच होता, असं कृपा करून कुणी व्हॉट्सॲपवर पाठवू नका. पिंगलाला वृत्तं मोजायची होती, बँकेचा सर्व्हर चालवायचा नव्हता.

मनाचे श्लोक तिघांनाही पाठ आहेत. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे एका चरणात चार वेळा य: लघु, गुरू, गुरू. ०११. पत्रिका लावल्या तर २ आणि १ उघड्या, म्हणजे ३. लेक ओरडला, "समर्थांचा पासवर्ड ३३३३!" आईने कपाळाला हात लावला, पण हसलीही.

संध्याकाळी आढीतले आठ आंबे आणि जुना तराजू घेऊन वजनाप्रमाणे रांग लावायचाही खेळ झाला, वजनं न वापरता, आंब्यासमोर आंबा ठेवून. प्रत्येकाला प्रत्येकाशी तोललं तर २८ वेळा तोलावं लागतं. जोड्या लावून, मग लावलेल्या रांगा एकमेकींत मिसळत गेलं तर जास्तीत जास्त १७ वेळा. आम्ही सतराव्यापर्यंत पोचलोच नाही, धाकट्याने मधला आंबा खाल्ला.

लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. टीव्ही लागला, टॅब्लेट चार्जिंगला लागले, मीही लॅपटॉप उघडला. आम्ही पुण्याला परतलो, दादाची पोरं ठाण्याला.

त्या पाच पत्रिका मात्र बाबांनी कॅलेंडरशेजारी टांगल्या आहेत. रोज सकाळी आंघोळ झाली की तारीख लावतात आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतात. परवा १९ तारखेच्या फोटोत १६, ४, २, १ उघड्या होत्या. माझ्या लक्षात आलं, पण मी गप्प बसले. दहा मिनिटांत ठाण्याहून धाकट्याचा फोन गेला: "आजोबा, तुमच्याकडे आज २३ तारीख आहे. चारची पत्रिका बघा."

बाबा म्हणाले, "मी रोबो. लिहून दे, मग बदलतो."