यांजकडून

परवा दुपारी माळ्यावरची भांडी खाली काढली, तर स्टीलचा एक उभट डबा हाती लागला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: ‘गो. वि. प. यांजकडून, १२-५-६८’. आईला फोन लावला. गो. वि. प. कोण? ती म्हणाली, "असतील बाबांच्या ऑफिसातले. नाहीतर आत्याच्या अहेरातला डबा इकडे आला असेल. चांगला आहे ना? मग साबुदाणा भर त्यात."

डबा मात्र ओळखीचा निघाला. याच डब्यातून पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी राणीच्या बागेत जायची. आत्या आम्हा चार पोरांना घेऊन भायखळ्याला उतरायची, आणि आत शिरल्यावर पहिला प्रश्न वाघ जागा आहे का, हा. तो कधीच नसायचा. पाणघोड्याचं फक्त नाक दिसायचं. त्यामुळे आम्हाला भरवशाचे प्राणी दोनच: दगडी हत्ती आणि काळा घोडा. ते कायम हजर, आणि मागच्या बाजूला जाऊन झोपत नसत.

खांबांच्या त्या ग्रीक थाटाच्या मंडपापाशी आत्याने एकदा चपला काढून हात जोडले होते. तो मंडप लेडी फ्रिअरच्या, म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरच्या बायकोच्या नावाने उभारलेला. १८६२ साली बागेचं उद्घाटन तिच्याच हस्ते झालं होतं. आत्याला पुढे कुणीतरी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "असू दे. नमस्कार वाया जात नाही."

तेव्हापासून मला पाट्या वाचायचा नाद आहे. बागेतल्या बाकावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असलं की मी पाठ टेकत नाही, पुढे सरकून बसते. कुणाच्या नावाला पाठ कशी टेकायची? घरचे हसतात.

काळ्या घोड्याची गंमत मला उशिरा कळली. तो व्यापारी अल्बर्ट ससूनने मुंबईला दिलेला अहेर. १८७९ साली फोर्टात बसवला. वर स्वार कोण, तर इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड. पैसे ससूनचे, मान युवराजाचा आणि नाव? लोकांनी ते घोड्याला दिलं. १९६५ साली पुतळा तिथून काढून राणीच्या बागेत आणला, तरी तो चौक काळा घोडाच राहिला. २०१७ साली तिथे नवा घोडा उभा केला, तोही बिनस्वाराचा. इतक्या वर्षांत युवराजाची आठवण कुणाला झाली नव्हती, मग उगाच खर्च कशाला!

आणि इकडे बागेत अल्बर्टच्या वडिलांचा, डेव्हिड ससूनच्या नावाचा, घड्याळाचा मनोरा १८६५ पासून उभा. म्हणजे बापाच्या नावाने घड्याळ उभं राहिलं आणि मुलाने दिलेला घोडा बरोबर शंभर वर्षांनी, गावभर फिरून, बापाच्या दारात आला. आमच्याकडे लग्नातला अहेर असाच फिरतो. तीन घरं हिंडलेला लेमन सेट चौथ्या लग्नात मूळ मालकिणीला मिळालेला मी स्वतः पाहिलाय. तिने हसून घेतला, नजर मात्र खोक्यावर होती.

हत्तीवर तेवढं कुणाचं ‘यांजकडून’ नाही. तो कुणी दिलाच नव्हता. तो घारापुरीचा, पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. तुटलेलं न्यायचं कशाला? आणून ठेवले या बागेत. १९१४ साली कुणीतरी ते जोडायचं मनावर घेतलं. आता तो बागेला लागूनच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे. लहानपणी आत्या मला त्याचे सांधे दाखवायची आणि म्हणायची, "बघ, पडला म्हणून राहिला."

आत्या जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या नावाचं एकही भांडं माझ्याकडे नाही. असलंच तर कुणा तिसऱ्याच्याच घरी असेल, त्यात साबुदाणा असेल.

डबा घासून पुसून ठेवला. झाकण नीट बसेना म्हणून उलटून पाहिलं, तर त्याच्यावर भलतीच अक्षरं: ‘सौ. ल. अ. कडून’. आईला पुन्हा फोन केला नाही. दोन टपल्या मारल्या, बसलं.