डोयासले लघवीनी गोयी कसाले?

परवा ओपीडीत चोपड्याकडची एक ताई परत आली, सोबत नवरा आणि सासू. दिवाळीआधी पहिल्यांदा आलेली तेव्हा तक्रार एवढीच की डोकं दुखतं आणि कापूस वेचायला वाकलं की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झालेला. बोर्डावरची शेवटची ओळ तिने घडाघडा वाचली, 6/6, म्हणजे समोरची नजर अगदी नॉर्मल. पण थेंब टाकून आत बघितलं तर दोन्ही डोळ्यांच्या नसा सुजलेल्या, डिस्कची, म्हणजे डोळ्यात दिसणाऱ्या नसेच्या टोकाची, कड पुसून गेलेली, रक्तवाहिन्या सुजेत बुडालेल्या आणि बाजूला रक्ताच्या बारीक रेघा. कानात ठोक्यागणिक सूं-सूं होतं का विचारलं तर नवराच म्हणाला, हो मॅडम, रोज सांगते ही.

त्याच दिवशी जळगावला पाठवलं. मेंदूत गाठ किंवा शिरेत गुठळी असेल तर सगळंच वेगळं, म्हणून एमआरआय आणि शिरांचा व्हेनोग्राम आधी, दोन्ही क्लिअर. मग पाठीतून मेंदूभोवतीचं पाणी काढून त्याचं प्रेशर मोजलं, 25 सेंटीमीटरच्या वर गेलं की जास्त धरतात, हिचं 36. डायमॉक्स चालू झालं, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, आणि पुढच्या तपासणीला सूज छान उतरत होती.

नंतर ती आलीच नाही, आणि परवा बघते तर सूज पुन्हा तशीच, फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे कडेपर्यंतची नजर मोजणाऱ्या तपासणीत, काळा डाग आधीपेक्षा मोठा, आणि बोर्ड अजूनही 6/6! हेच तर भयंकर आहे मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रेशर वाढण्याच्या या आजारात, कडेची नजर गुपचूप जात राहते आणि पेशंटला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय.

विचारलं तर म्हणे, "गोयी बंद करी दिधी." बोटांना मुंग्या यायच्या, लघवीला सारखं जावं लागायचं, शेतात बाईमाणसाने जायचं कुठे, आणि गावात कोणीतरी सांगितलं की किडनी जाईल. सासूबाईंनी मला थेटच विचारलं, "डोयासले लघवीनी गोयी कसाले?" म्हणजे डोळ्यांना लघवीची गोळी कशाला?

प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून बाहेर गर्दी असूनही बसून सांगितलं. मावशी, मेंदूभोवतीचं पाणी आतल्या आत रोज साधारण अर्धा लिटर तयार होतं, ते मुरलं नाही की प्रेशर वाढतं आणि तेच प्रेशर डोळ्याच्या नसेवर येतं. ही गोळी ते पाणी तयार होणंच कमी करते, लघवी वाढते तो तिचा दुसरा परिणाम. मुंग्या बऱ्याच जणांना येतात, त्याने नुकसान नाही. मुतखडा आणि पोटॅशियम यांच्याकडे मात्र लक्ष ठेवावंच लागतं, तपासण्या त्यासाठीच लिहून देतो. अमेरिकेत 165 पेशंटवर याची ट्रायल झाली, 2014 ला निकाल आला, कमी मिठाचं आणि वजन उतरवायचं डाएट सगळ्यांनाच होतं पण गोळी घेणाऱ्यांची फील्ड जास्त सुधारली.

वजनाचं सुनेला आणि मिठाचं सासूला सांगितलं, कारण लोणचं, पापड, शेव सगळं त्यांच्याच हातात. सासूबाई म्हणाल्या, शेव आजपासून बंद, सगळ्यांचीच.

रक्त तपासून, जळगावच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळी परत चालू केलीय, डोस हळूहळू वाढवायचा. सोमवारी फील्ड पुन्हा करतेय, उतार दिसला नाही तर ऑपरेशनचं बोलावं लागेल, ते नवऱ्याला बाजूला घेऊन आत्ताच सांगून ठेवलंय.