दुहेरी रेघ

सिंधुदुर्गातल्या एका नवजात अतिदक्षता कक्षात मी समुपदेशक आहे. बाळ गेल्यावर पहिल्या दिवशी आईला ते मांडीवर घेऊ देणे आणि भरून येणारे दूध कसे आवरायचे ते सांगणे, एवढेच मी करते; दुधाबद्दल तिला दुसरे कोणी सांगतच नाही.

यावेळी गेलेल्या बाळाची नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त झिरपत राहिले होते आणि पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या व्यवस्थित होत्या. अशा वेळी घटक तेराचा, म्हणजे रक्ताची गुठळी पक्की करणाऱ्या प्रथिनाचा, अभाव मनात यायलाच हवा, कारण तो या चाचण्यांत दिसत नाही. पण आधीच्या रुग्णालयात रक्ताचा नमुना न घेताच प्लाझ्मा (रक्तद्रव) चढवल्यामुळे दात्याचा घटक तेरा बाळाच्या रक्तात मिसळला आणि नंतरच्या तपासणीवर विसंबता येईना. गोठण्याच्या चाचण्यांसाठीची निळ्या झाकणाची एक नळी आधी भरून ठेवायला कितीसा वेळ लागतो? त्याचा राग मला अजून येतो.

काही दिवसांनी कुटुंब परत आले, तेव्हा मी वंशवृक्ष काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. बाळाच्या वडिलांनी मामाची मुलगी केलेली. तेवढ्यात बाळाच्या वडिलांकडच्या आजी म्हणाल्या, "माझो पाठचो भाव असोच गेलो, नाळ पडली आणि रगात थांबलाच नाय." इतकी वर्षे ते राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, कोपावर घातले गेले होते.

"म्हंजे दोष सुनेचो?" सासऱ्यांनी विचारले. मी सांगितले की सदोष जनुक दोघांकडून एकेक आले, आणि प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक एवढाच असतो. आईवडिलांचे रक्त तपासायला मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेत पाठवायचे ठरले.

कागदावर मात्र दुसरी दुहेरी रेघ उमटली होती. साटेलोटे झाल्यामुळे नणंद सुनेच्याच भावाला दिलेली, आणि ती आठ महिन्यांची गरोदर. तिच्या डॉक्टरांना आधी कळले, तर जन्मताच नाळेतले रक्त तपासता येईल, आणि दोष निघालाच तर साधारण महिन्याला एकदा क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून वेगळा काढलेला, घटक तेरा असलेला भाग) किंवा नुसता घटक तेरा देऊन ते मूल वाढवता येईल. सासरे म्हणाले, "ह्या आत्ता तिका सांगू नकात, आधी सुखरूप सुटूक दे." गोपनीयतेच्या नियमामुळे मला तिला परस्पर फोन करता येत नाही. मी पुन्हा समजावू लागले, तेव्हा सूनच म्हणाली, "वन्संका मीच सांगतंय, तुम्ही बाजूक बसा."

जिचे बाळ गेले तिच्यावरच हे सांगण्याचा भार यावा, हे मला पटलेले नाही; पण दुसऱ्या कोणी सांगितले तर नणंद ते मनावर घेईल, असेही मला वाटत नाही.