दुप्पट बर्फ

"सेन्योर, आज एवढा बर्फ?"

संध्याकाळी साडेचारला बर्फवाल्या पोऱ्याने विचारलं तेव्हा गोण्या जिन्याखाली उतरवून झाल्या होत्या. नेहमीच्या दुप्पट. रात्री गच्चीवर बत्तीस जणांची पार्टी होती, डीजे पहाटे तीनपर्यंत, निम्मे पैसे आगाऊ जमा. मी म्हटलं, शनिवारपेक्षा जास्त लागेल. तो म्हणाला, "पण बाराला बंद ना? उद्या नऊ जानेवारी."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की ही गोष्ट मी सोडून अख्ख्या शहराला ठाऊक असणार हे तिथेच कळलं.

मी पनामा सिटीच्या कास्को विएहो भागात एका गच्चीवरच्या बारचा मॅनेजर. दादरला केटरिंग केलं, मग सहा वर्षं क्रूझवर बारमागे उभा राहिलो. पनामा कालव्यातून इतक्यांदा गेलो, की शेवटी जहाज सोडून इथेच उतरलो. इथल्या कायद्याने कंपनीत परदेशी कामगार साधारण दहा टक्क्यांवर ठेवता येत नाहीत, त्यामुळे आमच्या बारमध्ये परका मी एकटा. बाकी सगळे नऊ जानेवारी पाहतच मोठे झालेले. मला कुणी सांगितलं नाही ते खोडीने नव्हे. 'उद्या सूर्य उगवणार आहे' असं कुणी कुणाला सांगतं का? मी मार्चमध्ये रुजू झालो होतो, हा माझा पहिलाच जानेवारी.

आपल्याकडे ड्राय डे म्हटला की आदल्या रात्री वाइन शॉपसमोर रांग लागते, विषय संपला. इथे नऊ जानेवारी हा राष्ट्रीय दुखवट्याचा दिवस. दारू बंद, बार बंद, डिस्को बंद, आणि पार्टीचं गाणंबजावणंही बंद. आठ तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला. हे शेवटचं ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण बत्तीस माणसं येत होती ती बाराच्या ठोक्यासाठीच. कोलंबियातल्या मेडेयीनहून आलेल्या एका बाईंचा पन्नासावा वाढदिवस होता. तारीख नऊ जानेवारी. केक बाराला.

फोन केला तेव्हा त्या ब्यूटी पार्लरमध्ये होत्या. मागे ड्रायरचा आवाज. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडे बराच वेळ नुसता ड्रायर. काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "बाई, माझ्या गावी आज दुपारी दीडलाच नऊ तारीख लागली. तुमचा वाढदिवस सुरू होऊन चार तास होत आलेत. तुम्ही केक दहाला कापा, तेव्हा तिकडे माझ्या आईची सकाळची पूजा चाललेली असेल." त्या हसल्या. पैसे परत मागितले नाहीत, पण डीजेच्या तीन तासांचे कापून घेईन म्हणाल्या. रास्त होतं.

कास्कोची रात्र एरवी सुरूच होते अकराला. पूर्वी रात्रीची गर्दी तिकडे कॅये उरुग्वाय नावाच्या रस्त्याच्या आसपास असायची, आता ती या विटांच्या अरुंद गल्ल्यांमध्ये आली आहे. 1671 मध्ये मॉर्गनच्या चाच्यांनी जुनं पनामा लुटलं, त्यानंतर दोन वर्षांनी या टोकावर नवं शहर वसलं, तोच हा भाग. 1997 पासून जागतिक वारसा. खालून वारसा आणि वरून बार, असं आम्ही गमतीने म्हणतो. गच्चीवरून एका बाजूला काचेचे टॉवर दिसतात, दुसऱ्या बाजूला काळ्या पाण्यात कालव्यात शिरायची वाट बघत थांबलेल्या जहाजांचे दिवे. खालून 'चिवा पारांदेरा' जाते, म्हणजे उघडी बस, आत कर्णे आणि नाचणारी माणसं. पुण्यामुंबईच्या वरातीला चाकं लावली तर अशीच दिसेल.

त्या रात्री डीजेला नऊलाच बसवला. आधी साल्सा, मग रेगेटॉन. दहाला केक आला. बाईंनी माइक घेऊन सगळ्यांना सांगितलं की भारतात सकाळ झाली आहे, आणि बत्तीस माणसांनी भारताच्या नावाने ग्लास उंचावले. त्यांतल्या निम्म्यांच्या ग्लासात 'सेको' होता, म्हणजे इथली उसाची दारू. ती दुधात घालूनही पितात, तिला 'सेको कोन वाका' म्हणतात, गाईसकट सेको. मी एकदा चाखला आहे. पुन्हा चाखणार नाही.

साडेअकराला शेवटची ऑर्डर पुकारली आणि काउंटरवर झुंबड उडाली. एकाने सहा बिअर एकदम मागितल्या. मी दोन दिल्या. अकरा पन्नासपर्यंत सगळी बिलं बंद करून मशीनचा दिवसाचा हिशेब काढला. बारानंतरचं दारूचं एकही बिल मला रोलवर नको होतं. मग ग्लास गोळा करायला लागलो. विकणं बंद तसं पिणंही बंद. एक जाडजूड गृहस्थ ग्लास छातीशी धरून बसले होते. "ज्यूस आहे," म्हणाले. बारमध्ये हाताखाली असलेल्या आमच्या पोराने वाकून वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "कुठल्या झाडाचा?" ग्लास मिळाला.

बाराला एक मिनिट असताना डीजेने आवाज हळूहळू खाली आणला. समोरच्या गच्चीवरचाही गेला, मग कोपऱ्यावरच्या कँटीनाचा, म्हणजे साध्या गुत्त्याचा. दहा महिन्यांत मी ही गल्ली कधी गप्प ऐकली नव्हती. जानेवारीत इथे कोरडा वारा सुटतो. शेजारच्या सरकारी इमारतीवर झेंड्याची दोरी लोखंडी खांबावर आपटत होती, टण, टण. ती रोज आपटत असणार.

दारावर बसतात त्यांना सगळे आबुएलो म्हणतात, आजोबा. सत्तरीच्या आसपासचे. मला ते इंदू म्हणतात. इथे भारतीय माणूस कुठल्याही धर्माचा असला तरी इंदूच. मी खाली येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"गाणी का बंद, ते माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

थोडंफार वाचलं होतं. 1964 साल. कालव्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी अमेरिकेच्या ताब्यात. तिथे पनामाचा झेंडाही फडकला पाहिजे म्हणून नऊ जानेवारीला इन्स्तितूतो नासिओनालची मुलं आपल्या शाळेचा झेंडा घेऊन त्या पट्टीतल्या अमेरिकन बाल्बोआ हायस्कूलवर गेली. तिथल्या झटापटीत झेंडा फाटला. मग दंगल आणि गोळीबार. अस्कानियो आरोसेमेना हा वीस वर्षांचा विद्यार्थी मारला गेला, आणि त्याच्यासकट वीसएक पनामी माणसं. पनामाने अमेरिकेशी संबंध तोडले. कालवा पूर्णपणे हातात आला तो 1999 च्या शेवटच्या दिवशी.

आबुएलो तेव्हा नऊ वर्षांचे, शेजारच्या एल चोरियो वस्तीत लाकडी चाळीत राहायचे. "आईने गाद्या उचलून भिंतीला लावल्या," ते म्हणाले. "तीन रात्री आम्ही फळ्यांवर झोपलो. मला वाटलं, ढेकूण झालेत म्हणून." एवढंच. मी आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबलो, तर ते गल्लीच्या टोकाकडे टॅक्सी येते का बघत होते.

वरून मंडळी उतरू लागली, चपला हातात घेऊन, कुजबुजत. बाई सगळ्यांत शेवटी आल्या, कागदी बशीत केकचा तुकडा घेऊन. तो त्यांनी आबुएलोंपुढे धरला.

"कुणाचा वाढदिवस?"

"माझा. आज."

"आज?" आबुएलो उठून उभे राहिले, टोपी काढली, त्यांचा हात हातात घेतला. बशी मात्र माझ्याकडे दिली, धरायला. टॅक्सी आली, ती सगळी गेली, मग त्यांनी बशी परत मागून घेतली आणि उभ्या उभ्याच केक संपवला.

जिन्याखालच्या गोण्यांचं पाणी तोवर उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यांनी बूट मागे घेतले.

"इंदू," बोटं पुसत ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बर्फ निम्मा घे."