तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूयॉर्कची बार एक्झाम

"ताई, न्यूयॉर्क बार (तिथे वकिली करायच्या परवान्याची परीक्षा) खरंच एवढी अवघड असते का?" हा मेसेज मला दर दोन-चार महिन्यांनी येतोच, बहुतेक पुण्यातल्या ज्युनिअर पोरांकडून, आणि मी दर वेळी सावकाश सांगते म्हणून टाळते. तर आज एकदाचं लिहूनच टाकते.

आधी आपली एआयबीई, म्हणजे भारतातली वकिलीची परीक्षा, डोक्यातून काढा. तिथे १०० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, बेअर ॲक्ट (कायद्याची नुसती मूळ कलमं) सोबत, ओपनवाल्यांना ४५ टक्के पडले की झालं. इथे सोबत एक कागद नेता येत नाही, आणि सलग दोन दिवस मंगळवार-बुधवार बसायचं. मी जुलै २०१९ ला दिली, जॅव्हिट्स सेंटरमध्ये, म्हणजे एरवी जिथे मोटारींची प्रदर्शनं भरतात तो अवाढव्य हॉल. पहिला दिवस लिहायचा. सहा निबंध, प्रत्येकी अर्धा तास, आणि एमपीटी नावाचे, दिलेल्या फाइलवरून मसुदा लिहायचे दोन पेपर, दीड-दीड तासाचे. दुसऱ्या दिवशी २०० एमसीक्यू, सकाळी १०० दुपारी १००, एकूण सहा तास, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. दोन्ही दिवसांचे मिळून ४०० पैकी २६६ लागतात. त्या २०० मधले २५ प्रश्न नुसते ट्रायलचे असतात, मार्कांत धरत नाहीत, पण कुठले ते कळत नाही, त्यामुळे एखादा भयंकर प्रश्न आला की हा त्यातलाच असणार असं मनाला सांगून पुढे जायचं. मी तर बऱ्याच प्रश्नांना असं म्हटलं असेल, पंचवीसपेक्षा नक्की जास्त.

पण खरं अवघड काय ते सांगू का, आपल्याला येत असतं ते. मी शिवाजीनगर कोर्टात चार वर्षं काढलेली, बऱ्यापैकी सिव्हिल मॅटर्स केलेली, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टचं टेन्शनच नव्हतं, आणि पहिल्या प्रॅक्टिस टेस्टला सगळ्यात कमी मार्क कॉन्ट्रॅक्टलाच. प्रश्न साधा होता, कुणाचं तरी हरवलेलं काहीतरी शेजाऱ्याने आपणहून शोधून दिलं, मग मालक खूश होऊन म्हणाला तुला पैसे देतो, आणि नंतर दिले नाहीत. आपल्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २५ खाली पाकिटाचं उदाहरण आहे ना, 'अ'ला 'ब'चं पाकीट सापडलं, 'ब'ने ५० रुपये कबूल केले, तर तो करार ठरतो. पाठ होतं मला ते, डोळे मिटून टिक केलं. चूक. इथल्या साधारण नियमाप्रमाणे आधीच करून झालेल्या कामाला कन्सिडरेशन, म्हणजे करारासाठी लागणारा मोबदला, धरतच नाहीत.

दुसरा फटका एव्हिडन्सला, म्हणजे पुराव्याच्या कायद्याला, गंमत म्हणजे आपल्या तेव्हाच्या एव्हिडन्स ॲक्टमध्येही ते कलम २५च होतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. इथे नियमाप्रमाणे मिरांडा वॉर्निंग (गप्प राहायचा आणि वकील मागायचा हक्क आहे ही पोलिसांची सूचना) दिली असेल आणि माणूस स्वखुशीने बोलला असेल तर तो जबाब सरळ येतो. शेवटी मी एक वहीच केली, डाव्या पानावर पुणे, उजव्या पानावर न्यूयॉर्क, आणि रोज झोपताना फक्त उजवं पान वाचायचं. मे ते जुलै रोज आठ-नऊ तास अभ्यास केला त्यातला निम्मा वेळ विसरण्यात गेला असं म्हटलं तरी चालेल. जे फ्रेश एलएलएम करून आले होते, प्रॅक्टिस न करता, त्यांना हा त्रास माझ्यापेक्षा कमी झाला.

एमपीटीला मात्र आपली माणसं उगाच घाबरतात. फ्रँकलिन नावाचं एक काल्पनिक राज्य असतं, फाइलही तेच देतात, निकाल आणि कायदेही तेच देतात, तुम्ही फक्त सीनियरला मेमो किंवा कोर्टासाठी ब्रीफ लिहून द्यायचं. ज्याने सकाळी साडेदहाला कोर्टाच्या बोर्डावर (त्या दिवसाच्या यादीत) असलेली फाइल दहा वाजता पहिल्यांदा उघडलीये त्याला हे जमतंच. (न्यूयॉर्कला जुलै २०२८ पासून नवा पॅटर्न येतोय, त्यामुळे त्यानंतर बसणार असाल तर माझं वेळापत्रक घेऊ नका, पाकिटाची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा.)

रिझल्ट ऑक्टोबरच्या शेवटी आला. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "म्हणजे सनद मिळाली ना?" कुठली मिळतेय. एथिक्सची वेगळी परीक्षा एमपीआरई, न्यूयॉर्कच्या कायद्याची एक ऑनलाइन, ५० तास फुकट कायदेशीर काम, आणि वर चारित्र्याची चौकशी, ज्यात आधी जिथे जिथे वकिली केली तिथल्या सीनियरचं नोटराइज्ड ॲफिडेव्हिट तेव्हा लागायचं. मी पुण्याच्या सरांना फॉर्म पाठवला. पंधरा दिवस काही उत्तर नाही. मग रात्री फोन, "अगं, यात विचारलंय तू का सोडून गेलीस. काय लिहू?"