शालिमार की एंजल?

माझ्याकडे दोनच परफ्यूम आहेत, गेरलॅंचं 'शालिमार' आणि म्युग्लरचं 'एंजल'. दोन्ही गोड. मग दोन कशाला, आणि कधी कोणतं लावतेस, असं मला नेहमी विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

गोड असली तरी दोघांची जात वेगळी. शालिमार १९२५ चं. त्यातला व्हॅनिला चांगलाच जोरकस, कारण त्यात एथिल व्हॅनिलिन हे कृत्रिम सुगंधद्रव्य आहे आणि ते साध्या व्हॅनिलिनपेक्षा कितीतरी तीव्र असतं. पण लावल्या लावल्या येतो तो बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचा आंबटसर, तरतरीत वास. व्हॅनिला मागून, सावकाश वर येतो. १९९२ च्या एंजलला तेवढा धीर नाही. एथिल माल्टॉल या सुगंधद्रव्यामुळे कढत्या साखरेसारखा गोडवा पहिल्या क्षणापासून उसळतो आणि खाली पचौली या सुगंधी वनस्पतीचा मातकट, किंचित कडवट गंध असतो. ती पचौली आहे म्हणूनच मला एंजल आवडतं.

आता ऋतूचं. त्वचा तापली की परफ्यूम भराभर उडतं, आणि हळूहळू उलगडायचा वास एकदम अंगावर येतो. एंजल तर आधीच सढळ. भर उन्हाळ्यात त्याने जीव गुदमरतो. म्हणून उन्हाळ्यात मी शालिमारचं ओ द तोआलेत, म्हणजे त्याचा सौम्य प्रकार, लावते, एकच फवारा, तोही कपड्याखाली. थंडीत मात्र हेच शालिमार अंगालगत राहतं, फार लांब जात नाही. एंजल गारठ्यात खुलतं. लोकरीच्या स्कार्फवर त्याची पचौली दुसऱ्या दिवशीही रेंगाळते, आणि तो वास मला ताज्या फवाऱ्यापेक्षा जास्त प्रिय आहे.

प्रसंग ठरवताना मी एवढंच बघते, की माणसं किती जवळ बसणार आहेत. मीटिंग, विमानप्रवास, नाटक इथे एंजल अजिबात नको. आपल्या नाकाला वासाची लवकर सवय होते. वास उडाला असं समजून आपण पुन्हा फवारतो, आणि शेजारच्याचं डोकं दुखायला लागतं. रात्रीचा मोकळ्यावरचा समारंभ असेल, तर मात्र खुशाल एंजल लावा.

एकच घ्यायचं असेल तर शालिमार घ्या, वर्षभर चालतं. पण कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नका. एका मनगटावर हे, दुसऱ्यावर ते लावा, दुकानाबाहेर पडा आणि दोनेक तासांनी मनगटं हुंगा. बाटली त्यानंतर घ्या.